ओल भरपूर, वाफसा नाही: बोगनवेलीच्या कटिंगचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट शोभेची झाडं तयार करणाऱ्या एका मध्यम आकाराच्या नर्सरीतली आहे. नर्सरीचं आणि माणसांचं नाव देत नाही. मालकांना सगळे ‘दादा’ म्हणतात. कटिंगचं काम गेली कित्येक वर्षं ज्यांच्या हाताखाली चालतं ते ‘काका’. मी तिथे रोपनिर्मितीची जबाबदारी घेऊन रुजू झाले त्याला तेव्हा आठ महिने झाले होते.

बोगनवेल तिथे वर्षानुवर्षं कटिंगपासूनच होत होती. पद्धत साधी होती. साधारण २५ सेंमी खोल वाफा आणि त्यात धुतलेली जाड वाळू. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, अर्धवट पिकलेल्या फांद्यांच्या चार-पाच पेरांच्या काड्या करायच्या, खालचा काप पेराच्या अगदी खाली घ्यायचा, वरची दोन पानं ठेवायची. काडीचं टोक ५ सेकंद आयबीएच्या, म्हणजे मुळ्या फुटायला मदत करणाऱ्या संजीवकाच्या, २००० पीपीएम द्रावणात, म्हणजे लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात, बुडवून काढायचं आणि लावायचं. सहा ते आठ आठवड्यांत शंभरातल्या सत्तर-पंचाहत्तर काड्यांना मुळ्या फुटायच्या.

मार बसायचा तो पुढे. बोगनवेलीची कोवळी मुळं बारीक आणि ठिसूळ असतात. वाळूतून काडी उचलली की वाळू झडते आणि तिच्यासोबत मुळंही तुटतात. पिशवीत गेल्यावर त्यातली बरीच रोपं बसून जायची. म्हणून ट्रेमध्ये लावायचं ठरलं. प्रत्येक काडीला स्वतंत्र खळगा, मुळांभोवती माध्यमाचा, म्हणजे काडी ज्यात लावतो त्या भरावाचा, गोळा, उचलताना धक्का नाही. ट्रेचा आग्रह माझा होता, आणि त्यामागचं कारण मला आजही बरोबर वाटतं.

आम्ही पन्नास खळग्यांचे, साडेचार सेंमी खोलीचे ट्रे घेतले आणि ते बारीक कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाने, भरले. त्याच महिन्यात मिस्टला, म्हणजे काड्यांवर बारीक तुषार सोडणाऱ्या फवाऱ्याला, टायमर बसवला, कारण हाताने व्हॉल्व्ह उघडण्यात माणूस अडकत होता. शिवाय १५०० रोपांची एक मोठी मागणी आली होती. जास्त काड्या मिळाव्यात म्हणून मदर प्लांटची, म्हणजे ज्यांच्या काड्या घेतो त्या झाडांची, जोरदार छाटणी केली आणि नत्राचा हप्ता वाढवला. असे तीन बदल एका महिन्यात झाले. त्या वेळी ते बदल आहेत असंही कुणाला वाटलं नाही, सुधारणा वाटल्या.

अडचण

पहिल्या तुकडीत बारा ट्रे होते, म्हणजे ६०० काड्या. तिसऱ्या आठवड्यात ट्रेवरून नजर फिरवली की मन भरून यायचं. जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून लालसर-हिरवा कोंब निघाला होता. मी दादांना सांगून टाकलं की तुकडी लागली.

पाचव्या आठवड्यात दुपारी कोंब माना टाकू लागले. सहाव्या आठवड्यात एकेक काडी हलकेच ओढून पाहिली तेव्हा बहुतेक काड्या काही अडसर न होता हातात आल्या. मुळ्या असलेल्या निघाल्या १६८.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण या पिकात अनेक जण इथेच फसतात. काडीत साठवलेलं अन्न आणि पाणी असतं. त्यावर डोळा फुटतो, पानंही उघडतात. त्यासाठी मुळाची गरज नसते. उलट मुळं येण्याआधीच खूप पालवी फुटली तर ती साठा खाऊन टाकते आणि पानांतून पाणी उडवत राहते. म्हणजे तिसऱ्या आठवड्यातला कोंब यशाचं लक्षण नसून फक्त काडी अजून जिवंत असल्याचं लक्षण आहे.

घाईतले निर्णय

पहिला निर्णय असा की ती तुकडी आम्ही खताच्या खड्ड्यात टाकली. मुळ्या आलेल्या बाजूला काढल्या, बाकी चारशेहून जास्त काड्या फेकल्या. त्यांच्या बुडाशी काय झालं होतं हे कुणी नीट पाहिलंच नाही. पुढच्या दोन महिन्यांची सगळी भटकंती त्या एका संध्याकाळीच टळली असती.

दुसरा निर्णय संजीवकाचा. मुळ्या फुटल्या नाहीत म्हणजे संजीवक कमी पडलं, हा विचार पटकन सुचतो. बाटली जुनी होती, जोर गेला असेल, असंही वाटलं. नवीन आयबीए आणलं, अल्कोहोलमध्ये विरघळवून पाणी मिसळलं आणि तीव्रता थेट दुप्पट केली, ४००० पीपीएम.

तिसरा निर्णय बुरशीनाशकाचा. काही काड्यांची बुडं काळी दिसली होती, म्हणून दर आठवड्याला बुरशीनाशकाची आळवणी सुरू केली. आळवणी म्हणजे ट्रेमध्ये आणखी पाणी, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या तुकडीतही ६०० काड्या होत्या. या वेळी मुळ्या आल्या ११७ काड्यांना. आधीपेक्षा कमी.

काका पहिल्या तुकडीपासून एकच गोष्ट सांगत होते. एकदा त्यांनी खळग्यातलं कोकोपीट मुठीत घेतलं, दाबलं, बोटांच्या फटींतून पाणी टपकलं. मूठ उघडून माझ्यापुढे धरली. “ताई, ही नुसती ओल आहे. वाफसा नाही.”

“काका, हे कोकोपीट आहे, माती नाही. पाणी धरून ठेवणं हाच त्याचा गुण आहे,” मी म्हणाले.

त्यांनी वाद घातला नाही. हात धुतले आणि कामाला लागले. माझ्या बोलण्यात चूक नव्हती, पण त्यांचं म्हणणं मी ऐकलं नाही. वाफसा म्हणजे नुसती ओल नव्हे. कणांमधल्या बारीक जागांत पाणी आणि मोठ्या जागांत हवा, दोन्ही एकत्र असतील तर वाफसा. शेतकरी मूठभर माती दाबून सोडतो, ढेकूळ होऊन अलगद फुटलं की पेरणीला हात घालतो. माध्यम कुठलंही असो, फुटू पाहणाऱ्या मुळाला हेच हवं असतं.

काडीच्या बुडाशी काय दिसलं

दुसऱ्या तुकडीत मात्र एकही काडी फेकली नाही. पन्नास काड्या धुऊन पांढऱ्या कागदावर ओळीने मांडल्या. बुडाची साल ब्लेडने उभी चिरून पाहिली. दोन वेगळे प्रकार स्पष्ट दिसले.

काही काड्यांवर काळा पट्टा होता. टोकापासून सव्वा सेंमीपर्यंत साल कोरडी, काळी, आणि पट्ट्याची वरची कड पट्टीने रेघ मारावी तशी सरळ. त्याच्या वर साल हिरवीगार. ती रेघ म्हणजे द्रावणात काडी जिथपर्यंत बुडवली ती खूण. कूज अशी रेघ पाळत नाही, ती बुडापासून वर ओबडधोबड सरकत जाते आणि हाताला मऊ लागते. हे संजीवकाने आणि अल्कोहोलने भाजणं होतं. दुप्पट तीव्रतेचा हा थेट परिणाम.

पण जास्त काड्या दुसऱ्या प्रकारच्या होत्या. बूड फुगलेलं, टोकाला फिकट पांढऱ्या कॅलसचा मोठा गोळा, आणि सालीवरची वातरंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची बारीक छिद्रं, साबुदाण्याच्या बारीक दाण्यांसारखी फुलून वर आलेली. काही काड्यांची साल बोट लावताच सरकत होती. नाकाशी नेल्यावर आंबूस वास येत होता.

कॅलसचा तो गोळा पाहून आधी बरं वाटलं होतं, कारण कॅलस म्हणजे मुळाची पहिली पायरी असं आपण धरून चालतो. तसं नाही. कॅलस ही जखम भरून काढणारी पेशींची गाठ आहे. मुळं बहुतेक झाडांत आतल्या वाहिन्यांलगतच्या पेशींतून निघतात. दोन्ही घटना पुष्कळदा एकाच वेळी होतात, म्हणून त्यांचं नातं असल्यासारखं वाटतं. इथे कॅलस मजेत वाढत होता आणि मूळ मात्र नव्हतं.

फुगलेली वातरंध्रं आणि आंबूस वास ही दोन्ही बुडाला हवा न मिळाल्याची लक्षणं आहेत. पाण्यातून प्राणवायू झिरपण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारावा भाग असतो. म्हणजे काडीच्या बुडाभोवती पाण्याचा थर बसला की वरून कितीही हवा खेळती असली तरी ती खाली पोचत नाही. त्यात उष्णतेची भर. २० अंशांना पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. तापमान १० अंशांनी चढलं की पेशींचा श्वसनाचा वेग मात्र जवळपास दुप्पट होतो. गरज वाढते आणि पुरवठा घटतो. दुसरी तुकडी जास्त उकाड्यात गेली होती.

बादलीतली चाचणी आणि एक स्पंज

आता संशय माध्यमावर आला, म्हणून हवेचं प्रमाण मोजायचं ठरवलं. रीत सोपी आहे. भांड्याची छिद्रं बंद करायची, माध्यम भरायचं, सावकाश पाणी घालत ते पूर्ण भिजवायचं, मग छिद्रं उघडून निथळलेलं पाणी मोजायचं. जेवढं पाणी बाहेर आलं तेवढी जागा हवेने घेतली. त्याला भांड्याच्या एकूण आकारमानाने भागलं की टक्केवारी मिळते. कटिंगसाठी २० ते २५ टक्के हवा असेल तर मी निर्धास्त असते.

मी हे ३० सेंमी उंचीच्या बादलीत केलं. उत्तर आलं २४ टक्के. मी वहीत लिहिलं, ‘माध्यम ठीक’. या एका ओळीने आणखी दोन आठवडे खाल्ले.

उलगडा झाला तो भांडी घासायच्या स्पंजमुळे. स्पंज भिजवून आडवा धरला. थेंब थांबेपर्यंत वाट पाहिली. मग तोच स्पंज, न दाबता, उभा केला. खालून पुन्हा पाण्याची धार लागली. स्पंज तोच, छिद्रं तीच, पाणी तेच, बदलली ती फक्त उंची.

कुठल्याही माध्यमाच्या तळाशी निथळून झाल्यावरही पाण्याने गच्च भरलेला एक पट्टा उरतो. त्याची जाडी माध्यमाच्या कणांवर ठरते, भांड्याच्या खोलीवर नाही. समजा आमच्या बारीक कोकोपीटमध्ये हा पट्टा ३ सेंमीचा आहे. ३० सेंमीच्या बादलीत तो तळाशी पडून राहतो, कुणाला बाधत नाही. साडेचार सेंमीच्या खळग्यात मात्र दोन तृतीयांश जागा त्याचीच. आणि काडीचं बूड नेमकं त्या पट्ट्यात. जुना वाळूचा वाफा खोल होता, वाळूचे कण जाड होते, त्यामुळे तिथला पाणथळ पट्टा बारीक आणि काडीच्या कितीतरी खाली होता. त्या वाफ्याने इतकी वर्षं साथ का दिली ते त्या दिवशी कळलं.

मग मोजणी ट्रेमध्येच केली. ट्रेचं आकारमान २ लिटर, निथळलेलं पाणी १६० मिलि. म्हणजे हवा ८ टक्के. काकांच्या मुठीने दोन महिन्यांपूर्वीच हे सांगितलं होतं.

समोर असलेले पर्याय

परत वाळूवर जावं, हा दादांचा पहिला विचार. मुळ्या नक्की फुटल्या असत्या, पण उचलतानाचं नुकसान परत आलं असतं. तरी हा मार्ग खुला ठेवला. एक वाफा लगेच जुन्या पद्धतीने भरला, मागणीचा काही भाग तरी हाती यावा म्हणून. अडचणीच्या काळात घेतलेला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता आणि तो दादांचा होता.

ट्रेच्या तळाशी खडीचा थर द्यावा, असं एका सहकाऱ्याने सुचवलं. ही कल्पना फार लोकप्रिय आहे आणि तिने काम बिघडतं. बारीक माध्यमातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, म्हणून पाणथळ पट्टा खडीच्या वर सरकतो, काडीच्या आणखी जवळ. हा पर्याय आम्ही तिथेच सोडला.

माध्यमात परलाईट, म्हणजे हलके, सच्छिद्र खनिज दाणे, मिसळणं, मिस्ट कमी करणं, संजीवक पुन्हा २००० वर आणणं, नत्र कमी घातलेल्या झाडांच्या काड्या घेणं, हे चार उपाय उरले. चारही एकदम करायचा मोह खूप होता. वेळ निघून चालली होती. पण तसं करून मुळ्या आल्या असत्या तरी नेमक्या कशामुळे आल्या हे कधीच कळलं नसतं, आणि पुढच्या वर्षी त्याच अंधारात उभे राहिलो असतो.

प्रत्यक्ष काय केलं

तुलना लावली. काड्या एकाच मदर प्लांटांच्या रांगेतल्या, एकाच सकाळी कापलेल्या, काकांनीच लावलेल्या. पाच गट, प्रत्येकी ५० काड्या. नोझलजवळच्या ट्रेला जास्त पाणी मिळतं, म्हणून प्रत्येक गटाचे दोन अर्धे ट्रे करून मिस्टच्या बंदिस्त चेंबरच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत ठेवले. हे नसतं केलं तर आम्ही माध्यम मोजतोय की जागा, हे सांगता आलं नसतं.

पहिला गट जसं चाललं होतं तसाच ठेवला: बारीक कोकोपीट, ४००० पीपीएम, टायमरचा मिस्ट. दुसऱ्यात फक्त संजीवक २००० वर आणलं. तिसऱ्यात फक्त माध्यम बदललं, कोकोपीट आणि जाड परलाईट निम्मं निम्मं, ट्रेमध्ये मोजल्यावर हवा २१ टक्के. चौथ्यात फक्त मिस्ट बदलला. पाचव्यात माध्यम आणि मिस्ट दोन्ही.

मिस्टच्या बदलाबद्दल दोन शब्द. टायमर ऊन असो की ढग, ठरल्या वेळी फवारत होता. मिस्टचं काम पानावर पाण्याचा पातळ थर टिकवणं आणि पान थंड ठेवणं, माध्यम भिजवणं नव्हे. मुळं नसताना पाण्याचा तोटा पानातून होतो, म्हणून पान सांभाळायचं असतं. चौथ्या आणि पाचव्या गटासाठी नोझलची वेगळी रांग केली आणि पानावरचा थर वाळायला लागला की फवारा, असा नियम ठेवला. ढगाळ, दमट दिवशी फवाऱ्यांमधलं अंतर तिप्पट झालं. रात्री पूर्ण बंद.

बुरशीनाशकाची आळवणी सगळ्याच गटांत थांबवली. खरं तर तिलाही वेगळा गट हवा होता. तेवढ्या काड्या नव्हत्या.

त्याच आठवड्यात आणखी एक निर्णय समोर आला. काकांनी दादांना विचारलं, “मागणीवाल्यांना काय सांगायचं?” मला वाटत होतं निकाल हातात येईपर्यंत थांबावं. दादांनी त्याच दिवशी फोन केला आणि सांगितलं की ठरल्या तारखेला निम्म्याहून थोडी जास्त रोपं मिळतील, बाकीची उशिरा. समोरच्या माणसाने लागवडीचा आराखडा दोन टप्प्यांत केला. महिनाभर थांबून सांगितलं असतं तर त्याला तेवढी सवड मिळाली नसती.

निकाल

सात आठवड्यांनी मोजणी केली. पन्नासपैकी मुळ्या आलेल्या काड्या: जसं होतं तसं, १२. फक्त संजीवक कमी, १३. फक्त मिस्ट कमी, २१. फक्त माध्यम बदललं, ३१. माध्यम आणि मिस्ट दोन्ही, ३७.

या आकड्यांत मला सगळ्यात जास्त शिकवून गेले ते १२ आणि १३. पहिल्या गटात काळा पट्टा पडलेल्या नऊ काड्या होत्या, दुसऱ्यात फक्त दोन. म्हणजे संजीवक कमी केल्याने भाजणं थांबलं होतं. तरीही मुळ्या वाढल्या नाहीत. भाजण्यातून वाचलेल्या काड्या कुजण्यात गेल्या. बुडाला हवा नव्हती तोवर संजीवक कमी केलं काय नि जास्त केलं काय, निकालात फरक दिसायला जागाच नव्हती.

म्हणून सुधारलेल्या माध्यमात संजीवकाची तुलना पुन्हा लावली, प्रत्येकी ५० काड्यांची. संजीवक नसताना १९ काड्यांना मुळ्या आल्या, २००० पीपीएमला ३८, ४००० ला ३३. आता फरक ठसठशीत दिसला, आणि जुनंच प्रमाण चांगलं निघालं. ३८ आणि ३३ मधलं अंतर पन्नास काड्यांवर पक्कं मानता येणार नाही, पण ४००० वापरायचं काही कारण उरलं नाही. जास्त आयबीएने वरचे डोळेही दबतात, त्या गटात पालवी उशिरा आली.

नत्राचं कोडं मात्र पूर्ण सुटलं नाही. जास्त नत्राने फांद्या लुसलुशीत, लांब पेरांच्या होतात, त्यांत साठवलेलं पिष्ट कमी असतं आणि त्या कुजतात लवकर. हे माहीत असूनही आमच्याकडे कमी नत्राच्या झाडांच्या फक्त तीस काड्या मिळाल्या. त्यांत मुळ्या थोड्या जास्त आल्या, पण तेवढ्यावर काही ठरवण्यात अर्थ नाही. काड्या घेण्याआधी सहा आठवडे नत्र थांबवायचं, एवढं मात्र आम्ही लागू केलं.

नवीन माध्यमाने एक नवी अडचण आणली. परलाईट निम्मं असल्यामुळे गोळा बांधून राहत नव्हता. खळग्यातून रोप काढताना माध्यम विखुरलं आणि ज्यासाठी ट्रे आणले ती ठिसूळ मुळंच पुन्हा तुटू लागली. पहिल्या शंभर रोपांतली बावीस पिशवीत गेल्यावर मेली. मग दोन गोष्टी केल्या. मुळ्या दिसल्यावर आणखी दोन आठवडे रोप ट्रेमध्येच ठेवलं, म्हणजे मुळांची जाळी माध्यम धरून ठेवते. आणि पुढच्या तुकडीसाठी दहा सेंमी खोलीचे, बाजूने पूर्ण उघडणारे खळगे घेतले. खोली वाढल्यामुळे परलाईट एक तृतीयांशावर आणूनही हवा २३ टक्के राहिली आणि गोळाही टिकला. चेंबरमधून बाहेर काढण्याआधी दहा-बारा दिवस मिस्ट टप्प्याटप्प्याने कमी करत नेला. मरतूक शंभरी पाच-सहावर आली.

मागणीपैकी ९०० रोपं वेळेवर गेली, त्यातली बरीच त्या वाळूच्या वाफ्यातली. उरलेली ६०० दोन महिने उशिरा.

पुन्हा करायचं झालं तर

ट्रे आणले त्या महिन्यात टायमर बसवला नसता. आणि पहिल्या वेळी बाराच्या बारा ट्रे न भरता दोन भरले असते, बाकी वाळूत. ट्रेमध्ये काय होतं ते १०० काड्यांनी सांगितलं असतं, ६०० घालवायची गरज नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात कोंब बघून बोलले नसते. आता आम्ही प्रत्येक तुकडीत पाच जादा काड्या लावतो, फक्त उपटून पाहण्यासाठी. चौथ्या आठवड्यात एक धुऊन बघायची, मग दर आठवड्याला एक. बुडाचा रंग, वास, साल सरकते का, वातरंध्रं फुगली आहेत का, एवढं वहीत लिहायचं. एका काडीवरून टक्केवारी कळत नाही, पण बिघाड कोणत्या जातीचा आहे ते कळतं.

मोजणी ज्या भांड्यात झाड वाढणार त्याच भांड्यात केली असती. बादलीतला आकडा खोटा नव्हता, तो बादलीबद्दल होता.

आणि काकांना त्या दिवशी एवढंच विचारलं असतं, “वाफसा नाही हे तुम्हाला कशावरून वाटतं?” त्यांनी मूठ दाबून दाखवली होती. मी त्यांचा शब्द मातीचा म्हणून बाजूला ठेवला आणि नंतर तीच गोष्ट टक्क्यांत मोजून स्वतःला पटवली. दोन महिने आणि हजारभर काड्या त्यात गेल्या, याची खंत मला अजून वाटते.

एक गोष्ट अर्धवट राहिली आहे. चट्टेरी पानांचा जो वाण आहे, हिरव्या पानावर पांढऱ्या कडा असलेला, त्याच्या काड्यांना नव्या पद्धतीतही पन्नासपैकी पंधरा-सोळाच मुळ्या येतात. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तिथे अन्न तयार होत नाही, त्यामुळे काडीला मुळं येईपर्यंत पुरणारा आधार तोकडा पडतो, असा माझा अंदाज आहे. काकांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, या वाणाच्या काड्या जरा जून घ्या आणि दोनऐवजी चार पानं ठेवा. या वेळी त्यांच्या पद्धतीचे दोन अर्धे ट्रे आणि नेहमीच्या पद्धतीचे दोन, चेंबरच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत लावले आहेत. आज एकविसावा दिवस आहे. कोंब सगळीकडे फुटले आहेत आणि अजून एकही काडी उपटलेली नाही.